तेरीज स्वतः जुळवा

सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीत माझी तीस वर्षं गेली. त्यातला एक दिवस अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था होती, नाव घेत नाही. तपासणी चालू असताना एक बाई आल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. नवऱ्याच्या माघारी हातात आलेले चाळीस हजार त्यांनी तिथे ठेवले होते. पासबुकात तारीख होती, रक्कम होती, सही होती, शिक्का होता. मी त्या तारखेची रोजकीर्द काढली. जमेच्या बाजूला त्यांचं नाव नव्हतं. खतावणी उघडली, तिथे त्यांचं पानच नव्हतं. बाई पासबुक पुढे धरून पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "साहेब, हे बघा ना, यात लिहिलंय."

लिहिलेलं होतंच. पण पैसे पासबुकात नसतात, कीर्दीत असतात. आणि कीर्द उघडून बघायची सोय त्यांच्यासारख्या ठेवीदाराला कधी नव्हतीच.

आज ओळखीतली तरुण मुलं फोन पुढे करून बिटकॉइनचा आकडा दाखवतात, तेव्हा मला ते पासबुक आठवतं. हा आकडा कुठून आला असं विचारलं तर उत्तर येतं, "ॲपमध्ये दिसतो की." ॲपला तो कुणी सांगितला? कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरने. त्या सर्व्हरने कीर्द नीट तपासली का? माहीत नाही. बिटकॉइन घ्या किंवा घेऊ नका असं सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. तो ज्याचा त्याचा निर्णय आहे, आणि त्यातली जोखीम मोठी आहे. पण ज्यांनी घेतलंच आहे, त्यांना कळकळीने सांगायचं आहे की या एका व्यवहारात संपूर्ण कीर्द तुमच्या घरी ठेवता येते आणि पहिल्या पानापासून तपासता येते. पतसंस्थेतल्या त्या बाईंना जे मिळालं नाही ते तुम्हाला फुकट मिळतंय. ते घ्या. त्याला फुल नोड म्हणतात.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने बिटकॉइनची कल्पना मांडणारा लेख प्रसिद्ध झाला. ३ जानेवारी २००९ ला कीर्दीचं पहिलं पान लिहिलं गेलं. प्रत्येक पानाला ब्लॉक म्हणतात आणि साधारण दर दहा मिनिटांनी नवं पान जोडलं जातं. आपण कीर्दीत "मागील पानावरून" म्हणून बेरीज पुढे ओढतो, तसं इथे प्रत्येक पानात मागच्या पानाची खूण गुंफलेली असते. मधल्या एका पानातला एक आकडा जरी कुणी बदलला, तरी पुढच्या सगळ्या खुणा चुकतात. नोड म्हणजे ही सगळी पानं उतरवून घेणारा आणि एकेक नोंद नियमाला धरून आहे का हे पाहणारा प्रोग्रॅम. खर्च केलेलं नाणं आधी खरंच मिळालं होतं का, तेच नाणं दोनदा खर्ची पडलंय का, पान लिहिणाऱ्याने ठरल्यापेक्षा जास्त मेहनताना तर घेतला नाही ना, हे तो तपासतो. एक जरी गोष्ट चुकली तरी तो ते पान परत फेकतो. समोर कोण आहे हे तो बघत नाही.

पान लिहिण्याचं काम करतात ते मायनर. त्यांना मेहनताना मिळतो. एप्रिल २०२४ पासून तो दर ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन आहे. नोड चालवणाऱ्याला काहीही मिळत नाही. हे वाक्य दोनदा वाचा. कुणी "नोड घ्या, दरमहा उत्पन्न मिळेल" असं सांगत आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. आपल्या महाराष्ट्राने हे एकदा भोगलं आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, असं आमिष दाखवलं होतं, आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्या प्रकरणात काहींना अटक केली. त्यात अडकलेल्या लोकांनी तंत्रज्ञान समजून घेतलं नाही असा ठपका मी त्यांच्यावर ठेवणार नाही. समजून घेण्याची सोय कुठे आहे हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता नोड कुणी चालवावा? ज्यांचं बिटकॉइन एक्स्चेंजवरच पडून आहे, त्यांना नोडचा आज काही उपयोग नाही. तिथे कीर्दीत नाव एक्स्चेंजचं आहे, तुमच्याकडे आहे ते नुसतं पासबुक. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजवर चोरी झाली, सुमारे २,००० कोटी रुपयांची. लोकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकून पडले. तेव्हा आधी नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये घ्या, ते परत मिळवण्याचे १२ किंवा २४ शब्द कागदावर लिहून सुरक्षित ठेवा, आणि मग नोडचा विचार करा. ज्यांच्याकडे एकही नाणं नाही पण ही वस्तू आहे तरी काय हे मुळातून समजून घ्यायचं आहे, अशा शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी तर नोड जरूर चालवावा. त्यासाठी नाणं लागत नाही.

"आपल्या एका घरातल्या कम्प्युटरने काय फरक पडतो?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्यावर दोन घटना सांगतो.

१५ ऑगस्ट २०१० रोजी ७४,६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये एका व्यवहाराने हवेतून १८,४०० कोटींहून जास्त बिटकॉइन निर्माण केली. एकूण नाणी कधीही २ कोटी १० लाखांच्या वर जायची नाहीत, असा मूळ नियम आहे. झालं होतं असं की दोन प्रचंड रकमांची बेरीज करताना प्रोग्रॅमचा आकडा ओसंडला आणि बेरीज भलतीच आली. तपासणी तिला फसली. तेव्हा नोड चालवणारे थोडे होते, पण कीर्द सगळ्यांच्या हातात होती, म्हणून चूक काही तासांत लक्षात आली. सुधारलेला प्रोग्रॅम आला, लोकांनी तो आपापल्या घरी बसवला, आणि ते पान सोडून देऊन नवी साखळी पुढे गेली. कुठल्याही बंद दाराआडच्या संस्थेत असा फरक "समायोजन" म्हणून वर्षानुवर्षं पुढे ओढला गेला असता. असे ताळेबंद मी माझ्या हातांनी तपासले आहेत.

दुसरी घटना २०१७ ची. त्या वर्षी मे महिन्यात पन्नासहून अधिक कंपन्यांनी न्यूयॉर्कमध्ये करार केला. मायनिंगच्या एकूण ताकदीपैकी ८० टक्क्यांहून जास्त ताकद त्यांच्या बाजूने होती. ब्लॉकच्या आकाराचा नियम बदलायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. पैसा त्यांच्याकडे, यंत्रं त्यांच्याकडे. पण घरोघरी नोड चालवणाऱ्यांनी तो बदललेला प्रोग्रॅम बसवायला नकार दिला. नियमाबाहेरचं पान त्यांच्या नोडने घेतलंच नसतं, आणि जे पान कुणी घेत नाही त्याचा मेहनताना मायनरला विकायचा कुणाला? ८ नोव्हेंबर २०१७ रोजी त्या मंडळींनी बेत मागे घेतला. त्यामागे इतरही कारणं होती, बाजारातला कलही होता. पण पान लिहिणाऱ्यांपेक्षा पान तपासणाऱ्यांचं वजन कमी नाही, हे मला त्या वर्षी पटलं, आणि मी माझा पहिला नोड बसवला.

आता कामाचं बोलू.

प्रोग्रॅमचं नाव बिटकॉइन कोअर. फुकट आहे, त्याचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. खास महागडं यंत्र लागत नाही. घरात चार-पाच वर्षांपूर्वीचा, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप पडून असेल तर तो उत्तम. लॅपटॉपची मी शिफारस करतो त्याला आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कम्प्युटरही चालतो आणि वीज फार कमी खातो. दहा वॅट धरले तर चोवीस तास, महिनाभर चालवून सात युनिट. लॅपटॉपला अठरा-वीस युनिट पडतील. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर मात्र हे करू नका. तो तुमचा नाही.

खरी अडचण जागेची. पहिल्या पानापासूनची कीर्द आज ७०० जीबीच्या घरात गेली आहे आणि रोज २०० ते ३०० एमबी वाढते. सगळी ठेवायची असेल तर २ टीबीची एसएसडी घ्या. १ टीबीची आज पुरते, पण काही वर्षांत भरेल. जुनी फिरती हार्ड डिस्क वापरू नका असं मी आग्रहाने सांगेन. नोडला एकेका व्यवहारासाठी शिल्लक नाण्यांच्या यादीत सतत इकडेतिकडे शोधावं लागतं, आणि फिरत्या डिस्कची त्यात दमछाक होते. एसएसडीवर जे काम एक-दोन दिवसांत होतं, त्याला तिथे आठवडा, पंधरवडासुद्धा लागतो. लोक कंटाळतात आणि सोडून देतात.

एवढी जागा नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडलात की तो विचारतो, साठा कुठे ठेवू आणि किती ठेवू. तिथे मर्यादा घालण्याची सोय आहे. तिला प्रूनिंग म्हणतात, आपण छाटणी म्हणू. छाटणीचा नोडसुद्धा पहिल्या पानापासून सगळी कीर्द उतरवतो आणि तपासतो. फक्त तपासून झालेली जुनी पानं टाकून देतो आणि शिल्लक नाण्यांची यादी जवळ ठेवतो. चाळीस-पन्नास जीबी मोकळी जागा असली तरी तो आरामात चालतो. तपासणीत तो तसूभरही कमी नाही. उणीव एवढीच की जुनी पानं तो दुसऱ्या नोडना देऊ शकत नाही, आणि उद्या एखादं जुनं वॉलेट जोडलंत तर त्याचे पूर्वीचे व्यवहार शोधायला पानं हाताशी नसतात. माझ्या मते घरी सुरुवात करणाऱ्याने छाटणीनेच करावी.

इंटरनेट घरच्या ब्रॉडबँडचं हवं. रोजच्या दोन जीबीच्या मोबाइल डेटावर हे होणार नाही, प्रयत्नही करू नका. सुरुवातीला ७०० जीबी खाली उतरणार, तेव्हा आपल्या प्लॅनची महिन्याची मर्यादा एकदा बघून घ्या. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरचे नोड तुमच्यापर्यंत आपण होऊन पोचू शकत नाहीत. हरकत नाही. तुमचा नोड स्वतःहून बाहेर दहा जोडण्या करतो आणि तपासणीला तेवढं पुरतं. ज्यांच्याकडे स्वतंत्र पत्ता आहे त्यांनी राउटरवर ८३३३ क्रमांकाचं पोर्ट उघडलं तर इतरांनाही जुनी पानं मिळतात. ती मोठी मदत आहे, पण मग अपलोडला मर्यादा घाला, नाहीतर महिन्याला शेकडो जीबी बाहेर जातील. ८३३२ हे पोर्ट मात्र बाहेरच्या जगाला कधीच उघडू नका. त्या दाराने नोडला हुकूम देता येतात.

प्रोग्रॅम उतरवताना घाई करू नका. सगळ्या कामात लोक सर्वांत जास्त इथेच चुकतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. बिटकॉइनकोअर डॉट ऑर्ग हा पत्ता स्वतः टाइप करा. शोधयंत्राने वर दाखवलेल्या जाहिरातीवर बोट ठेवू नका, आणि कुणी फॉरवर्ड केलेली फाइल तर मुळीच घेऊ नका. "मी बसवून देतो, एनीडेस्क चालू करा" म्हणणाऱ्याला नाही म्हणा, तो ओळखीचा असला तरी. फाइलबरोबर तिथेच एक यादी मिळते. तिच्यात प्रत्येक फाइलसमोर ६४ अक्षर-अंकांची खूण असते. तुमच्या कम्प्युटरवर उतरलेल्या फाइलची खूण काढायची आणि यादीशी जुळवायची. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा ते काम करते.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा भाची सुट्टीला आली होती. तिला म्हटलं, तू पडद्यावरचं वाच, मी यादीवर टिक करतो. आमच्या तपासणीत असंच चालायचं. एकाने व्हाउचर वाचायचं, दुसऱ्याने कीर्दीत टिक मारायची. ती चार-चार अक्षरांचे गट पाडून वाचत होती. "सात, एफ, शून्य, दोन. बरोबर?" "बरोबर. पुढे." सोळा गट झाले. मग ती म्हणाली, "मामा, कम्प्युटरच जुळवतो ना हे? आपण कशाला वाचायचं?" जुळवतो, आणि पुढच्या वेळेपासून आम्ही त्यालाच सांगितलं. पण एकदा डोळ्यांनी वाचून बघा. एक अक्षर जरी इकडचं तिकडे असतं तरी ती फाइल आम्ही पुसून टाकली असती, हे वाचताना मनात पक्कं बसतं.

खूण जुळली म्हणजे अर्धं काम झालं. कारण ज्याने खोटी फाइल ठेवली, तो खोटी यादीही ठेवू शकतो. म्हणून यादीबरोबर अनेक कार्यकर्त्यांच्या डिजिटल सह्या असतात. हे लोक एकमेकांपासून स्वतंत्रपणे मूळ कोडवरून प्रोग्रॅम तयार करतात, सगळ्यांची खूण सारखी आली तरच ती सही करण्यालायक ठरते. या सह्या जीपीजी नावाच्या प्रोग्रॅमने तपासता येतात. पहिल्यांदा तासभर जाईल. तो तास द्या. घरात कम्प्युटर शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर शेजारी बसवा, त्यांच्याही उपयोगाचं आहे.

प्रोग्रॅम चालू झाला की आधी पानांचे मथळे उतरतात आणि मग पानं. पडद्यावर किती वर्षं मागे आहोत ते दिसतं. २००९ आणि २०१० ही वर्षं मिनिटांत सरतात, कारण पानं जवळजवळ कोरी आहेत. पुढे वेग मंदावतो. याला घाबरू नका. सेटिंगमध्ये डेटाबेस कॅशचा आकडा असतो, तो दोन-तीन हजार एमबीवर नेलात तर या काळापुरता फायदा होतो. काम झालं की परत खाली आणा. एक गोष्ट तपासनीस म्हणून सांगायलाच हवी. वेळ वाचवण्यासाठी प्रोग्रॅम एका ठरावीक ब्लॉकपर्यंतच्या व्यवहारांवरच्या जुन्या सह्या तपासायचं सोडून देतो. रकमा, दुबार खर्च, मेहनताना हे सगळं तपासतोच. सह्यासुद्धा पहिल्या पानापासून तपासायच्या असतील तर अझ्यूमव्हॅलिड या सेटिंगसमोर शून्य लिहा. जास्त वेळ लागेल. मी तसंच केलं.

आता लाइटचं. माझा पहिला नोड जुन्या डेस्कटॉपवर होता, यूपीएस नव्हता. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, पाच दिवसांच्या मेहनतीने २०१६ पर्यंत आलो होतो. रात्री दोनला लाइट गेली. सकाळी चालू करून बघतो तर प्रोग्रॅम विचारतोय, डेटाबेस बिघडलाय, पुन्हा बांधू का? लिहिता लिहिता वीज तुटली की असं होतं. पानं डिस्कवर शाबूत होती, पुन्हा उतरवावी लागली नाहीत, पण तपासणी पहिल्यापासून. छाटणीचा नोड असता तर पानंही पुन्हा उतरवावी लागली असती. म्हणून लॅपटॉप घ्या म्हणतो, त्याच्या पोटातच बॅटरी असते. डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पाय असेल तर छोटा यूपीएस हवाच. आणि बंद करताना मेनूतून बंद करा, "थांबा, बंद होत आहे" असं येईल, ते संपेपर्यंत बटणाला हात लावू नका.

चोवीस तास चालू ठेवलंच पाहिजे असं नाही. आठवडाभर गावाला गेलात तर हजारेक पानं मागे पडतील. परत आल्यावर थोड्या वेळात नोड ती भरून काढतो. रोज संध्याकाळी दोन तास चालवणारे मला माहीत आहेत.

नोड पूर्ण झाला की तुमचं वॉलेट त्याला जोडा. स्पॅरोसारखी वॉलेटं बिटकॉइन कोअरला सरळ जोडता येतात. एरवी वॉलेट परक्या सर्व्हरला विचारतं, "या या पत्त्यांवर किती आहेत?" आणि तुमची शिल्लक किती, तुम्ही कुठल्या इंटरनेट जोडणीवरून विचारताय, हे दोन्ही त्या सर्व्हरला कळतं. घरच्या नोडला विचारलं तर प्रश्न घरातच राहतो. पण नोड म्हणजे तिजोरी नव्हे. रोज वापरातल्या कम्प्युटरवर मोठी रक्कम ठेवू नका, आणि ते बारा-चोवीस शब्द त्या कम्प्युटरवर टाइपही करू नका.

प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या येत राहतात. बिटकॉइन कोअर आपोआप अपडेट होत नाही, आणि ते मुद्दाम तसं ठेवलं आहे. नियम बदलणारं काही तुमच्या घरात तुमच्या संमतीशिवाय शिरू नये म्हणून. त्यामुळे लक्ष ठेवायचं काम आपलं. सप्टेंबर २०१८ मध्ये एक गंभीर दोष सापडला होता. त्यातून तेच नाणं एका व्यवहारात दोनदा वापरून नवी नाणी काढता आली असती. ०.१६.३ ही आवृत्ती तातडीने आली आणि बिटकॉइनच्या कीर्दीत घोटाळा व्हायच्या आत भोक बुजलं. वर्षातून दोनदा तरी नवी आवृत्ती बघा, आणि दर वेळी खूण नि सह्या पुन्हा जुळवा.

कायद्याबद्दल लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून उघड सांगतो. भारतात बिटकॉइन हे चलन म्हणून मान्य नाही, पण बाळगायला बंदीही नाही. बँकांना अशा व्यवहारांसाठी सेवा द्यायला मनाई करणारं रिझर्व्ह बँकेचं ६ एप्रिल २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. तो भरा, विवरणपत्रात दाखवा. नोड चालवण्यातून उत्पन्नच नाही, त्यामुळे त्यावर कराचा प्रश्न येत नाही.

नोड तयार झाल्यावर पहिल्या दिवशी एक गोष्ट जरूर करा. विंडो मेनूतून कन्सोल उघडा आणि गेटटीएक्सआउटसेटइन्फो ही आज्ञा इंग्रजी लहान लिपीत, सलग, मध्ये जागा न सोडता टाइप करा. काही मिनिटं काहीच होणार नाही. तुमचा कम्प्युटर तेव्हा जगातलं प्रत्येक शिल्लक नाणं मोजत असतो. मग एकूण रक्कम येते. ती कुठल्याही कंपनीने सांगितलेली नसते, तुमच्या यंत्राने तुमच्या घरात केलेली बेरीज असते.

नाणी किती असायला हवीत याची तेरीज, म्हणजे एकूण गोषवारा, मी कागदावर मांडली. पहिली २,१०,००० पानं, दर पानाला मेहनताना ५०, म्हणजे १ कोटी ५ लाख. पुढची तेवढीच पानं २५ ने, मग १२.५ ने, मग ६.२५ ने. ८,४०,००० व्या पानापर्यंत १ कोटी ९६ लाख ८७ हजार ५००, आणि तिथून पुढे दर पानाला ३.१२५. नोडचा आकडा माझ्या बेरजेपेक्षा थोडासा कमी आला. तीस वर्षांची सवय, फरक सोडवत नाही. भाचीला म्हटलं, वही घे आणि फरक लिही. पहिल्या पानाचे ५०, ते कधी खर्चच करता येत नाहीत. नोव्हेंबर २०१० मध्ये मेहनतान्याच्या दोन नोंदी हुबेहूब जुन्या नोंदींसारख्या झाल्या आणि जुन्या त्यांच्याखाली गडप झाल्या, त्यांचे १००. मे २०११ मध्ये १,२४,७२४ व्या पानावर एका मायनरने मुद्दाम एक सातोशी, म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग, कमी घेतला. तोही तिने शून्यं मोजत लिहिला. डिसेंबर २०१७ मध्ये ५,०१,७२६ व्या पानावर मेहनताना घ्यायचाच राहिला, ते १२.५. तिने साडेबारापुढे टिक केली आणि पेन्सिल कागदावर तशीच टेकवून विचारलं, "मामा, पुढचा फरक कुठला?"